आलापल्लीची खिडकी

१४ जुलै

बँकेने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. इतके दिवस तिच्यावर चहाचा कप ठेवत होतो, त्यामुळे पुठ्ठ्यावर गोल गोल डाग पडले आहेत. आत मात्र कोरी आहे. लिहायचं कारण असं, की आज आमच्या कमळाई ट्रॅव्हल्सच्या चंद्रपूर ऑफिसात कॉम्प्युटर बसला, आणि दिवाळीपर्यंत तो मला कुठे नेतो ते लिहून ठेवावं असं वाटलं.

आमचा धंदा सरळ आहे. सकाळची बस आलापल्लीहून निघते, आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर करत चंद्रपूरला येते आणि पुढे नागपूरला जाते. संध्याकाळी परत. चंद्रपूरच्या ऑफिसात तिकिटं रिना देते. आलापल्लीच्या खिडकीवर इंदुबाई बसतात. एकाच बसच्या सीटा दोन ठिकाणी विकायच्या म्हणजे रोज संध्याकाळी फोन आलाच. मी इकडून गेलेल्या सीटा वाचतो, त्या तिकडच्या सांगतात, आणि हिशेब जुळतो. मी ट्रकचा क्लीनर होतो तेव्हापासून माझं काम कानावर चालतं. गाडी मोहल्ल्यात शिरायच्या आधी तिचा कोणता पाटा ढिला आहे ते मी सांगतो. फोनवरही ऐकण्यात माझी कधी चूक झाली नाही.

पण हेमराज, माझा मुलगा, म्हणतो की हे आता पुरे. आलापल्लीची खिडकी बंद करा, मोबाईलवर तिकिटं विकणारे एजंट आहेत, त्यांना देऊन टाका. मी विचारलं, इंदुबाईंचं काय? तो म्हणाला, त्यांचं वय झालं, आराम करतील. इंदुबाई माझ्याहून लहान आहेत, हे मी त्याला सांगितलं नाही.

शेवटी ठरलं असं: माझी भाची दिव्यानी कॉम्प्युटरचं शिकलेली आहे, ती दोन्ही खिडक्या एका मशीनला जोडून देईल. दिवाळीपर्यंत आलापल्लीची खिडकी मशीनवर नीट चालली तर राहील. नाही चालली तर मी तोंडातून शब्द काढायचा नाही. दोघांनी हातावर हात मारला.

१८ जुलै

रिनाचं मशीन मस्त चालतं. सीट हिरवी असते, विकली की लाल होते. आलापल्लीला मात्र काहीच दिसत नाही. इंदुबाई फोनवर म्हणाल्या, “भाऊ, इथी नुसतं गोल गोल फिरून राह्यलं. मी त्याच्याकडं पाह्यतो, ते माह्याकडं पाह्यते.”

दिव्यानीने समजावलं. सगळ्या सीटा जिथे नोंदतात त्याला डेटाबेस म्हणतात, आणि तो इथे चंद्रपूरच्या मशीनमध्ये बसला आहे. नवा असताना तो फक्त स्वतःच्या मशीनवरून आलेलं बोलणं ऐकतो. मशीनला बाहेरचेही पत्ते असतात, पण त्यातल्या कोणत्या पत्त्यावर कान द्यायचा ते त्याला एका ओळीत लिहून द्यावं लागतं.

मी म्हटलं, म्हणजे बसच्या आतल्या पॅसेंजरचं ऐकणारा कंडक्टर. खाली उभा असलेला हात करून करून थकला तरी याला पत्ता नाही.

“बराबर मामाजी,” ती म्हणाली. “पण त्याले बाहेरचं ऐकवताना मले सबुरीनं करू द्या. पुढच्या शनिवारी येतो मी.” तिची नोकरी नागपूरची आहे. तोवर फोन आहेच.

२२ जुलै

सबुरी हेमराजला जमली नाही. त्याच्या ओळखीचा एक मोबाईल दुरुस्तीवाला आहे, त्याला घेऊन आला. त्याने त्या ओळीत एक फुली टाकली, चांदणीसारखी, राऊटरमध्ये काहीतरी उघडलं, आणि आलापल्ली चालू. चहा प्यायच्या आत.

इंदुबाईंचा फोन आला. “गुलाबभाऊ, तुमची अकरा नंबरची सीट मले इथी हिरवी दिसून राह्यली. आता लाल झाली. कोणं घेतली?”

कोणी घेतली तेही त्यांना तिथेच दिसत होतं, पण मी सांगितलं. आलूबोंडे मागवले. मग मालक म्हणून हुकूम सोडला: उद्यापासून संध्याकाळचा फोन बंद. मशीन सांगेल ते खरं. दोन तोंडं झाली की घोळ होतो.

इंदुबाई “बरं” म्हणाल्या.

२३ जुलै

फोन नाही. छान. वेळ वाचला.

वाचलेल्या वेळात ऑफिसचा पंखा पुसला.

२६ जुलै

दिव्यानी आली, मशीन उघडलं आणि खुर्चीत मागे टेकून बसली. माझी बहीण रागावली की अशीच टेकून बसायची.

त्या फुलीचा अर्थ असा निघाला, की मशीनच्या अंगावर जितके पत्ते असतील तितक्या सगळ्यांवर कान द्या. वर राऊटरचं दारही उघडं टाकलेलं. त्यामुळे इंटरनेटवरून कोणीही येऊन दार ठोठावत होतं. तिने मला ओळी दाखवल्या. कोण कुठल्या देशातून, वेगवेगळी नावं सांगून, पासवर्ड लावून बघत होता. रात्रंदिवस. कोणी आत शिरलं नव्हतं, तिने नीट तपासलं.

“मामाजी, याच्यात लोकायचे मोबाईल नंबर हायेत. कोण कोणत्या दवाखान्यात जाते ते हाय. उद्या कोणी काढून नेलं म्हणजे?”

हे माझ्या डोक्यात लगेच शिरलं. मी आयुष्यभर बसमध्ये लोकांच्या गोष्टी ऐकत आलो. कोणाच्या मुलीला रक्ताचा आजार आहे, कोणाची सून माहेरी राहते, सगळं कानावर पडतं. पण मागच्या सीटवरचं पुढच्या सीटवर नेलं असतं तर माझ्या बसमध्ये कोणी बसलं नसतं. ऐकणाऱ्याने कोणाला दार उघडायचं ते ठरवावंच लागतं.

फुली गेली, राऊटरचं दार बंद झालं, आलापल्लीही बंद. नाइलाजाने संध्याकाळी फोन करावा लागला. सीटा सांगायला दोन मिनिटं. मग इंदुबाईंनी वास्त्याची भाजी कशी केली ते सांगितलं. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. ते किती वेळ पाण्यात ठेवायचे यावर आमचं एकमत झालं नाही. तिकडे पाऊस आहे. लाकूड डेपोतल्या सागाच्या ओंडक्यांवर पाऊस पडला की जो वास येतो तो त्यांच्या खिडकीपर्यंत येतो म्हणाल्या. फोन ठेवला तेव्हा रिना कुलूप लावून जायला उभी होती.

२ ऑगस्ट

आज दिव्यानीला घेऊन आलापल्लीला गेलो. हेमराज म्हणाला ड्रायव्हर पाठवतो, तुम्ही कशाला? मी म्हटलं, रस्त्यात ट्रकांनी खड्डे केले आहेत, गाडीचा आवाज मला ऐकायचा आहे. इस्त्रीचा शर्ट घातला होता, कारण दुसरा वाळला नव्हता.

इंदुबाईंची खिडकी म्हणजे पूर्वीचा टेलिफोन बूथ. त्यांचे मालक जंगल खात्यात होते. ते गेल्यावर बाईंनी बूथ चालवला. घरोघरी मोबाईल आले, बूथ बसला, तेव्हा मी माझ्या बसची पाटी तिथे लावली. काचेची ती पेटी अजून आहे, आत आता कॉम्प्युटर आहे आणि एक मांजर.

दिव्यानीने दोन्ही गावांत एक खासगी बोगदा बांधला, इंटरनेटच्या आतूनच, पण बाहेरच्याला न दिसणारा. त्या बोगद्यात चंद्रपूरच्या मशीनला एक वेगळा पत्ता मिळाला. मग त्या ओळीत तिने दोनच पत्ते लिहिले: एक मशीनचा स्वतःचा आणि एक बोगद्यातला. बाकी कुठेही कान नाही. शिवाय कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं, याची यादी वेगळी. त्यात रिना आणि इंदुबाई.

“म्हंजे आता मी बोललो तर फक्त तुमालेच आयकू येईन?” बाईंनी मला विचारलं.

मशीनला, मी म्हटलं.

“तेच म्हणून राह्यलो मी,” बाई म्हणाल्या आणि चहा ओतला. दिव्यानी मांजरीकडे बघून हसत होती. मांजर झोपलेली होती, त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

येताना वास्ते बांधून दिले. पाण्यात ठेवायची त्यांची पद्धत बरोबर आहे, हे मी मान्य करत नाही, पण भाजी चांगली झाली.

९ ऑगस्ट

मशीन बिनघोर चालू आहे. आलापल्लीच्या सीटा आपोआप लाल होतात. इंदुबाई सकाळी खिडकी उघडली की सगळ्यात आधी दुसऱ्या दिवशीच्या बसच्या पुढच्या चार सीटा घेतात. त्या लाल झाल्या की मला कळतं, बाई आल्या.

संध्याकाळी काम उरत नाही. आमच्या ऑफिसचा टेबलावरचा फोन राऊटरवरच चालतो. बंद तर नाही ना पडला म्हणून उचलून पाहिला. सूर येत होता. ठेवून दिला. थोड्या वेळाने परत पाहिला.

१४ ऑगस्ट

टायर बघायला आलापल्लीला गेलो. टायर ठीक आहेत.

२२ ऑगस्ट, पोळा

आज बैलांचा दिवस, आणि सकाळीच माझी गाडी अडली.

काल पहाटे चंद्रपूरला वीज कडाडली आणि लाइन गेली. आली तेव्हा मशीन आपोआप सुरू झालं, रिनाने तिकिटं विकली, सगळं नेहमीसारखं. आलापल्लीला मात्र परत ते गोल गोल फिरणं. आम्हाला पत्ताच नाही, कारण आमच्याकडे सगळं नीट होतं.

आता पुढच्या चार सीटांची गोष्ट लिहितो. आमच्या बसच्या पुढच्या चार सीटा दवाखान्याच्या. मागे धक्के बसतात म्हणून नागपूरला इलाजाला जाणाऱ्यांना पुढे बसवायचं, हे पहिल्या दिवसापासून चालत आलं आहे. इंदुबाई बस सुटायच्या आधी त्या चार सीटांवर दुपट्टे टाकून ठेवतात. दुपट्टा दिसला की आपल्याकडे कोणी हात लावत नाही. माणूस नसला तरी जागा त्याची. हे सगळ्यांना माहीत, म्हणून कोणी कुठे लिहिलं नाही. आणि लिहिलं नाही म्हणून मशीनला माहीत नाही. बाई सकाळी आधी त्या सीटा घेऊन टाकत, म्हणून आजवर झाकलं गेलं.

काल बाईंना घेता आल्या नाहीत. इथे रिनाने हिरव्या दिसल्या तशा विकल्या. आज बस चंद्रपूरला आली तर तीन नंबरवर सोमाजी बसलेले, कमरेचं ऑपरेशन झालेले, पट्टा बांधून, तपासणीला निघालेले. आणि खाली गंजवॉर्डातला कापडवाला तीन नंबरचं तिकीट धरून उभा. सोमाजी उठू लागले. उठताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला ऐकायला नको होता. मी कापडवाल्याला माझ्या मोटारीने नागपूरला पाठवलं, पण तोवर बसमधले सगळे खिडकीतून बघत होते.

बाईंना फोन लावला. आवाज चढलाच माझा. काल मशीन बंद होतं तर कळवलं काऊन नाही?

“फोन करू नका म्हटलं तुमी,” इंदुबाई म्हणाल्या. “मंग नाई केला.”

मागे मांजर ओरडत होती, ती ऐकत मी फोन ठेवला.

हेमराजने ओरडा केला नाही, हे जास्त वाईट. शांतपणे म्हणाला, “बाबा, असं परत झालं तर दिवाळीची वाट पाह्याची गरज नाई. एजंटचे कागद आणून ठेवतो मी.”

२ सप्टेंबर

दिव्यानीने नागपूरहून डेटाबेस बंद करून चालू केला, आलापल्ली सुरू झाली. पण का बंद पडली ते तिला सांगता येत नाही. मागच्या आठवड्यात परत झालं, परत लाइट गेल्यावरच. या वेळी बाईंनी लगेच कळवलं. सीटा सांगितल्या, बरं म्हटलं, फोन ठेवला.

दिव्यानी म्हणते डेटाबेस स्वतःच लिहून ठेवतो, की बोगद्यातला पत्ता मला मिळाला नाही. “आणि मी पाह्यतो तं पत्ता तिथीच हाय. खोटं बोलून राह्यला का काय मामाजी हा?”

लाइट गेली म्हणून प्रत्येक वेळी होत नाही, हेही खरं. कधी मशीन बॅटरीवर तग धरतं, तेव्हा काही बिघडत नाही. पूर्ण बंद पडून उठलं की बिघडतं.

एजंटचे कागद हेमराजने माझ्या टेबलावर, काचेखाली ठेवले आहेत. मी त्यावर चहाचा कप ठेवतो.

७ सप्टेंबर

इंदुबाईंना फोन करायचा विचार होता. काय सांगायचं ते ठरेना. केला नाही. जेवण गेलं नाही. वांगी जून होती.

११ सप्टेंबर

आज कळलं, आणि मला कळलं. लिहिताना बरं वाटतंय, म्हणून सावकाश लिहितो.

दिव्यानी सुट्टी घेऊन आली होती, हेमराजही ऑफिसातच होता. दुपारी लाइट गेली, बॅटरीनेही मान टाकली, ऑफिस मुकं झालं. मी डोळे मिटून खुर्चीत बसलो. थोड्या वेळाने लाइट आली. आधी मशीनने पीऽप केलं, मग त्याचा पंखा घुर्रर्र सुरू झाला. रिनाने लगेच तिकीटही काढलं. आणि नंतर, चांगल्या वेळाने, टेबलावरच्या फोनमध्ये बारीक टिंग झालं. पूर्ण घंटी नाही. लाइन जिवंत झाली की त्या फोनला उचकी लागल्यासारखं होतं. दुसऱ्या कोणाला ते ऐकू येत नाही.

मी म्हटलं, “पोरी, मशीन उठते तेव्हा इंटरनेट झोपूनच असते. लय वेळानं उठते.”

“तुमाले कसं मालूम?”

“फोन टिंग करते न.”

“हा फोन?” तिने फोन कानाला लावला, ठेवला. “मामाजी, एवढा बारीक आवाज... तुम्ही या फोनकडं एवढं कान देऊन बसता?”

धंदेवाल्याने फोनकडे लक्ष ठेवायचं नाही तर कोणी ठेवायचं, मी म्हटलं. तिने मान हलवली आणि एकदम सरळ झाली. मग तिने जे सांगितलं ते असं. डेटाबेस उठताना एकदाच बघतो, की मला सांगितलेले पत्ते आहेत का. मशीनचा स्वतःचा पत्ता असतोच. पण बोगद्यातला पत्ता इंटरनेट आल्याशिवाय जन्मालाच येत नाही. तो म्हणतो, हा पत्ता मिळाला नाही, लिहून ठेवतो, आणि आहे त्यावर कामाला लागतो. नंतर पत्ता आला तरी परत विचारत नाही. म्हणून चंद्रपूरला सगळं हिरवं-लाल, आणि आलापल्ली बिचारी हात करत उभी.

तो खोटं बोलत नव्हता. त्याने पाहिलं तेव्हा खरंच पत्ता नव्हता.

हेमराज म्हणाला, मग डेटाबेसला उशिरा उठवा. दिव्यानी म्हणाली जमेल, पण इंटरनेट दिवसभर आलंच नाही तर चंद्रपूरही बसून राहील. दोघं वाद घालू लागली.

माझ्या डोळ्यांपुढे तीन नंबरची सीट होती. मी विचारलं, “त्याले दुपट्टा टाकून ठेवता येत नाई का?”

दोघं वाद सोडून माझ्याकडे बघू लागली.

“माणूस आला नसला तरी इंदुबाई सीटवर दुपट्टा टाकतेत न. पत्ता आला नसला तरी यानं आपली जागा धरून बसावं. आला की आला.”

दिव्यानी हसली, मग हसणं थांबवून मशीनमध्ये शोधू लागली. मग परत हसली. अगदी अशीच सोय मशीनमध्ये आहे म्हणे. अजून जन्माला न आलेल्या पत्त्यावरही आधीच बसू द्यायची परवानगी. एक ओळ. तिने ती लिहिली.

तपासायला मी स्वतः मेन स्विच खाली ओढला. वर केला. पीऽप. पंखा. मग बसून राहिलो सगळे. टिंग. आणि पडद्यावर आलापल्लीची एक सीट लाल झाली. बाईंनी पलीकडून घेतली होती, आम्ही न सांगता.

दिव्यानीने पुढच्या चार सीटाही आलापल्लीच्या नावाने कुलूपबंद करून टाकल्या. आता चंद्रपूरहून त्या कोणी विकू शकत नाही, मी मालक असलो तरी.

“आता मामाजी, लाइट गेली म्हणून फोन करून पाह्याची बी गरज नाई,” ती म्हणाली.

मी विचारलं, केला तर मशीनला काही होते का?

“मशीनले काय होईन?” ती म्हणाली. “मशीनले काईच होत नाई मामाजी.”

१२ सप्टेंबर

आलापल्लीला जाऊन आलो. तिकडच्या मशीनची वायर पाहायची होती. वायर ठीक आहे. बाईंना म्हटलं, फोन बंद करायचा हुकूम माझा चुकला. दोन तोंडं असली म्हणजे घोळच होतो असं नाही.

त्यांनी चहा दिला. साखर नेहमीइतकी होती, म्हणजे राग गेला असावा.

२९ सप्टेंबर

तीन दिवस मुसळधार. आष्टीचा पूल पाण्याखाली, बस फिरवून काढावी लागली. लाइट किती वेळा गेली ते मोजणं मी सोडलं. आलापल्ली एकदाही तुटली नाही. सोमाजी पुन्हा तपासणीला गेले, तीन नंबरवर, दुपट्ट्यासकट. उतरताना मला म्हणाले, “गुलाबभाऊ, या खेपेले कोणी उठवलं नाई बा.”

हेमराज जवळच उभा होता. त्याने ऐकलं.

१९ ऑक्टोबर

उद्यापासून दिवाळी. दुपारी टेबलाची काच पुसताना बघतो तर एजंटचे कागद नाहीत. हेमराजला विचारलं. म्हणाला, रद्दीत दिले. मग उभा राहिला थोडा, जायचं सोडून.

“बाबा, पाटी जुनी झाली तिथली,” तो म्हणाला. “खिडकी ठेवाचीच हाय तं नवीन पाटी टाकू. अन् तुम्ही दर आठ दिवसाले टायर पाह्याले जाता तं पाटीही तुमीच घेऊन जा.”

माझा मुलगा धंदा शिकतोय. टायरकडे लक्ष असलं पाहिजे हे त्याला पटलं, याचा मला आनंद झाला.

२४ ऑक्टोबर

दिवाळीची गर्दी. बस उद्याची पूर्ण भरली. पडदा सगळा लाल. रिना लवकर घरी गेली, तिच्याकडे पाहुणे आहेत. मी ऑफिसात बसलो. करण्यासारखं काहीच नव्हतं. मशीनचा पंखा घुरघुरत होता, बाहेर पोरं फटाके उडवत होती. खिडकी राहिली, हेमराज खूश, दिव्यानीने नागपूरहून मिठाई पाठवली. माणसाला आणखी काय पाहिजे? तरी उगाच फोन उचलून पाहिला. सूर होता. ठेवला.

ठेवल्यावर वाजला. पूर्ण घंटी.

“गुलाबभाऊ, लिहून घ्या,” इंदुबाई म्हणाल्या. “एक नंबर, दवाखाना. दोन नंबर, दवाखाना.”

मी म्हटलं, “बाई, ते मले इथी दिसून राह्यलं.”

“मले मालूम हाय. लिहून घ्या. तीन नंबर.”

पेन सापडेना, डायरी तेवढी जवळ होती. शेवटच्या सीटपर्यंत त्यांनी सगळी नावं वाचली, मी लिहून घेतली. घाई केली नाही. मग त्या म्हणाल्या, वास्ते संपले आता, पण अंबाडीची भाजी आली आहे, आणि तुम्ही ती कशी करता?